एक कोयता म्हणजे दोन माणसं, मग एका माणसाची किंमत किती? ख्रिस्ती धर्माचं उत्तर काय आहे?

दसरा झाला की गेवराई तालुक्यातल्या चकलांबा, उमापूर या पट्ट्यातल्या रस्त्यांवर वेगळीच गर्दी दिसायला लागते. ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉल्या, ट्रॉलीत भांडीकुंडी, बाजरीची पोती, पाण्याचे ड्रम, एखादी शेळी आणि या सगळ्याच्या वर बसलेली पोरं. ऊसतोडीला निघालेली ही कुटुंबं पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात काढतात.

या धंद्यात माणसं मोजायचं एक माप आहे. त्याला म्हणतात ‘कोयता’. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. मुकादम म्हणतो, ‘माझ्याकडं वीस कोयते हायेत’, तेव्हा तो अवजारांबद्दल बोलत नसतो, चाळीस माणसांबद्दल बोलत असतो. हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, तीही कोयत्याच्या हिशोबानंच ठरते. आणि दोघांपैकी एक जण आजारी पडला, कामावर गेला नाही, तर त्या दिवसाचा दंड बसतो. त्याला ‘खाडा’ म्हणतात.

शब्द साधे आहेत, रोजच्या बोलण्यातले आहेत. बीडमध्ये कुणाला त्यात वावगं वाटत नाही. पण जरा थांबून बघितलं तर त्यांच्यामागे एक अख्खं तत्त्वज्ञान आहे: माणसाची किंमत त्याच्या कामाएवढी. काम थांबलं की किंमत थांबली.

हे फक्त ऊसतोडीत चालतं असंही नाही. अपघाताच्या बातमीखालच्या कमेंट वाचा. मेलेला माणूस दारू पिऊन गाडी चालवत होता असं कळलं की ‘बरं झालं, एक कमी झाला’ असं लिहिणारे पाच-पन्नास जण सापडतात. आमच्या धंद्यातही वेगळं नाही. ऊसतोड मजुरांची ट्रॉली उलटली तर चार ओळींची बातमी होते, आणि कुणी ओळखीचा चेहरा किरकोळ जखमी झाला तर ‘लाइव्ह अपडेट्स’ चालतात. मीही असल्या चार ओळींच्या बातम्या केल्यात.

याच्या बरोबर उलटं सांगणारा एक विचार आहे. तो असा की माणसाचं मोल त्याच्या कामावर, पैशावर, जातीवर, तब्येतीवर, हुशारीवर, अगदी चांगुलपणावरही अवलंबून नाही. ते जन्माबरोबरच येतं आणि कुणाला काढून घेता येत नाही. जगातल्या अनेक परंपरांनी हे आपापल्या पद्धतीनं म्हटलंय. ख्रिस्ती धर्मानं ते ज्या पद्धतीनं म्हटलं, त्याचा आजच्या कायद्यांवर, दवाखान्यांवर आणि बीडच्या अगदी शेजारच्या एका गावावर परिणाम झालाय. म्हणून तो नीट समजून घेऊ.

आधी खाड्याचं गणित

या विषयात नेमकं काय पणाला लागलंय, हे दोन आकड्यांवरून कळतं.

पहिला आकडा २०१९ चा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणात होत असल्याच्या बातम्या आल्या. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. देशभरात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे.

कारणं एकात एक अडकलेली आहेत. फडात पाणी नाही, संडास नाही, पाळीच्या दिवसांतही मोळ्या उचलायच्या, त्यातून अंगावरचे आजार, मग दवाखान्यात ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ ही भीती. आणि या सगळ्याच्या तळाशी खाडा. दर महिन्याला दोन-तीन दिवस बुडाले तर उचल कशी फिटणार? पाळी हा कोयत्याच्या हिशोबातला तोटा ठरतो. आणि मग शरीराचा एक भाग काढून टाकणं हे परवडणारं वाटायला लागतं.

दुसरा आकडा २०११ च्या जनगणनेचा. बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे फक्त ८०७ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी, २००१ ला, त्या ८९४ होत्या. २०१२ मध्ये परळीत एका महिलेचा अवैध गर्भपातादरम्यान मृत्यू झाला आणि मोठं प्रकरण बाहेर आलं. २०१९ मध्ये बीडच्या न्यायालयानं त्या प्रकरणात डॉक्टर दाम्पत्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली. मुलगी म्हणजे खर्च, मुलगा म्हणजे कमाई, हाही पुन्हा कोयत्याचाच हिशोब. फक्त तो जन्माच्या आधी मांडलेला.

‘देवाचं प्रतिरूप’ म्हणजे काय?

आता मूळ विचाराकडे येऊ. बायबलचं पहिलं पुस्तक आहे उत्पत्ती. त्याच्या पहिल्याच अध्यायात सांगितलंय की देवानं माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवलं, आणि लगेच पुढे स्पष्ट केलंय की नर आणि नारी दोघांनाही. मराठी ख्रिस्ती लोक यासाठी ‘प्रतिरूप’ हाच शब्द वापरतात.

आज हे वाक्य कुणालाही गुळगुळीत वाटेल. पण ते ज्या काळात लिहिलं गेलं तेव्हा त्याचा अर्थ भलताच स्फोटक होता. प्राचीन इजिप्त आणि मेसोपोटेमियात ‘देवाची प्रतिमा’ ही पदवी होती, आणि ती होती राजाची. तूतनखामुन हे नाव तुम्ही ऐकलं असेल. त्या नावाचा अर्थच आहे ‘अमुन देवाची जिवंत प्रतिमा’. राजा देवाचा प्रतिनिधी, बाकीचे त्याचे चाकर. उत्पत्तीच्या पुस्तकानं ही पदवी राजाकडून काढली आणि सगळ्यांना वाटून टाकली. शेत नांगरणाऱ्याला, दाईला, गुलामाला, सगळ्यांना.

इथे प्रतिरूप म्हणजे नाक-डोळे देवासारखे असं नाही. ते नेमकं काय, यावर धर्मशास्त्रज्ञ दोन हजार वर्षं वाद घालतायत. कुणी म्हणतं बुद्धी, कुणी म्हणतं प्रेम करण्याची क्षमता, कुणी म्हणतं देवानं दिलेली जबाबदारी. मला यातलं शेवटचं उत्तर जास्त पटतं. कारण बुद्धी हाच निकष धरला तर मतिमंद मूल किंवा स्मृती गेलेली आजी कमी माणूस ठरते, आणि मग विचाराचा मुद्दाच संपतो.

ख्रिस्ती श्रद्धेत याला आणखी एक पायरी आहे. देव स्वतः माणूस झाला, तोही राजवाड्यात नाही, तर प्रवासात असलेल्या एका गरीब जोडप्याच्या पोटी आला आणि त्याला गव्हाणीत ठेवावं लागलं, असं हा धर्म मानतो. ज्या शरीरात देव राहिला ते शरीर तुच्छ कसं असेल, हा त्यामागचा तर्क.

सगळ्यांना सारखी मजुरी देणारा मालक

येशूनं सांगितलेल्या दाखल्यांपैकी एक दाखला ऊसतोडवाल्या माणसाला बाकी कुणाहीपेक्षा लवकर समजेल. तो मत्तयच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायात आहे.

एक द्राक्षमळ्याचा मालक पहाटे नाक्यावर जातो आणि मजूर ठरवतो. दिवसाची मजुरी एक दिनार. मग तो नऊच्या सुमाराला पुन्हा जातो, अजून काही जणांना आणतो. दुपारी पुन्हा. तिसऱ्या प्रहरी पुन्हा. दिवस मावळायला तासभर उरला असताना शेवटचा जातो, तर तिथे अजून काही माणसं उभीच. तुम्ही दिवसभर इथे रिकामे का, असं विचारतो. ती म्हणतात की आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही. तो त्यांनाही पाठवतो.

संध्याकाळी कारभारी, म्हणजे आपल्याकडचा मुकादमच म्हणा, पैसे वाटायला बसतो. तासभर काम केलेल्यांना अख्खा दिनार मिळतो. दिवसभर राबलेल्यांना वाटतं, आपल्याला जास्त मिळणार. त्यांनाही एकच दिनार. साहजिकच बोंब होते: आम्ही उन्हात मेलो आणि यांना आमच्या बरोबरीचं केलंत? मालकाचं म्हणणं असं की तुमचं ठरलं तेवढं तुम्हाला दिलंय, तुमच्यावर अन्याय कुठे झाला? मी उदार झालो याचा तुम्हाला त्रास का होतो?

खरं सांगायचं तर पहिल्यांदा वाचल्यावर मलाही राबलेल्यांचीच बाजू बरोबर वाटली. कामगार संघटनेचा कुणीही माणूस या मालकावर चिडेल. पण शेवटच्या लोकांकडे नीट बघा. नाक्यावर संध्याकाळपर्यंत कोण उरतं? म्हातारा, लंगडा, आजारी, ज्याला मुकादम बघूनच ‘नको’ म्हणतो तो. त्या काळी एक दिनार म्हणजे एका घराचं एका दिवसाचं पोट. तासाच्या हिशोबानं पैसे दिले असते तर त्या घरात त्या रात्री चूल पेटली नसती. मालकानं काम मोजलं नाही, माणसाची गरज मोजली. या गोष्टीत खाडा नाही, आणि ती सांगणाऱ्याला तेच सांगायचं होतं.

शंभर मेंढरांतलं एक हरवलं म्हणून नव्व्याण्णव सोडून त्याच्यामागे जाणारा मेंढपाळ, पैशाला दोन मिळणाऱ्या चिमण्यांनाही देव विसरत नाही हे सांगणं, भुकेल्याला दिलंत ते मलाच दिलंत ही शिकवण, सगळीकडे हाच धागा आहे. बाजारभाव एक आणि मोल वेगळं.

‘मुलगी झाली तर टाकून दे’

हा विचार रोमन साम्राज्यात पसरला तेव्हा तिथे काय चालायचं? इजिप्तमध्ये सापडलेलं एक पत्र आहे, इसवीसनपूर्व १ मधलं. कामासाठी अलेक्झांड्रियाला गेलेला हिलारिऑन नावाचा माणूस आपल्या गरोदर बायकोला लिहितो. पत्र प्रेमाचं आहे, पोराची काळजी घे, पगार झाला की पैसे पाठवतो वगैरे. आणि मध्येच सहज सांगतो की बाळ झालं आणि मुलगा असला तर ठेव, मुलगी असली तर टाकून दे.

नको असलेलं मूल उकिरड्यावर किंवा रस्त्याकडेला ठेवून यायची ही पद्धत तेव्हा सर्रास होती आणि तिला कायद्याची आडकाठी नव्हती. रोजगारासाठी परगावी गेलेला नवरा, मागे गरोदर बायको, आणि मुलगी नको. दोन हजार वर्षांपूर्वीचं पत्र आहे, पण बीडमधल्या माणसाला ते परकं वाटणार नाही.

सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी याला ठाम नकार दिला. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ‘दिदाखे’ या त्यांच्या छोट्या नियमपुस्तिकेत बालहत्येला आणि गर्भपाताला मनाई आहे. टाकलेली मुलं ते उचलून आणत आणि वाढवत. इसवीसन ३७४ मध्ये रोमन सम्राटानं बालहत्या हा गुन्हा ठरवला. त्याच काळात आजच्या तुर्कस्तानात असलेल्या सिझेरियात बिशप बेसिल यांनी गरिबांसाठी आणि कुष्ठरोग्यांसाठी मोठं आश्रयस्थान उभारलं. जगातल्या पहिल्या सार्वजनिक रुग्णालयांमध्ये त्याची गणना होते.

बेसिल यांचे धाकटे भाऊ ग्रेगरी त्याहून पुढे गेले. गुलामांच्या बाजारावर प्रवचन करताना त्यांनी सरळ हिशोबच मागितला: देवाच्या प्रतिरूपाची किंमत तुम्ही किती नाणी लावलीत, आणि ते विकायला काढलं कुणी? प्राचीन जगात गुलामगिरीच्या प्रथेवरच इतका थेट हल्ला क्वचितच कुणी केला.

पुढे १७८५ मध्ये इमॅन्युएल कान्ट या जर्मन तत्त्वज्ञानं हाच मुद्दा देवाचा आधार न घेता मांडला. ज्या गोष्टीच्या जागी दुसरी ठेवता येते तिला किंमत असते. ज्याच्या जागी दुसरं काहीच ठेवता येत नाही त्याला किंमत नसते, प्रतिष्ठा असते. १० डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला, त्याचं पहिलंच कलम या प्रतिष्ठेबद्दल आहे. त्या कलमात आधी ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणारे शब्द होते. ते बदलून ‘सर्व मानव’ करायला लावलं भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेतही ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ आहेच.

जामखेडला काय झालं?

हे सगळं दूरचं वाटत असेल तर आता जवळ येऊ. बीड जिल्ह्याच्या आष्टी आणि पाटोदा तालुक्यांना लागून जामखेड आहे. जिल्हा अहिल्यानगर, पण दुष्काळ तोच, ऊसतोड तीच आणि जातीची उतरंडही तीच.

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं इथे आलं. रजनीकांत याच जिल्ह्यातल्या सुप्याचे. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. १९६० मध्ये लग्न करताना त्यांनी ठरवलं की आयुष्य खेड्यातल्या सगळ्यात मागे पडलेल्या लोकांसाठी घालवायचं. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं. तिथे राहिले असते तर काय कमावलं असतं, याचा अंदाज तुम्ही करू शकता. ते परत आले आणि जनावरांच्या एका बंद पडलेल्या दवाखान्यात काम सुरू केलं.

तेव्हा त्या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ पहिला वाढदिवस बघत नव्हती. डॉक्टरांच्या लक्षात आलं की बाळं मरतायत ती जुलाब, कुपोषण, धनुर्वात असल्या साध्या कारणांनी, आणि दवाखान्यात बसून त्याला उत्तर नाही. त्यांनी आधी गावोगावी शिकलेल्या नर्स पाठवून बघितल्या. ते जमलं नाही. नर्स परक्या, गाव परकं.

मग गावातलीच एक बाई निवडायची असं ठरलं. त्यातल्या अनेक जणी निरक्षर होत्या, बऱ्याच दलित होत्या, काहींना नवऱ्यानं टाकलेलं होतं. म्हणजे ज्यांना गावात कुणी विचारत नव्हतं, अशा बायका. त्यांना बाळंतपण, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी, बाळाचं वजन, पोषण, लसीकरण हे शिकवलं. जामखेडच्या प्रशिक्षणात जेवण एकत्र व्हायचं, जात बाहेर ठेवून. सुरुवातीला हे कुणालाच सोपं गेलं नाही. पण हळूहळू सवर्णांच्या घरातलं बाळंतपणही दलित आरोग्यसेविकेच्या हातून व्हायला लागलं.

आरोळेंची पाण्याची गोष्टही सांगण्यासारखी आहे. दुष्काळात गावोगावी बोअर घ्यायचे होते. त्यांनी हातपंप दलित वस्तीत बसतील अशी व्यवस्था केली. ज्यांनी दलितांना विहिरीला शिवू दिलं नव्हतं, त्यांनाच आता पाण्यासाठी त्या वस्तीत जाऊन रांगेत उभं राहावं लागलं. भाषण नाही, आंदोलन नाही, नुसती पंपाची जागा.

कुष्ठरोग्यांच्या बाबतीतही त्यांनी तेच केलं. वेगळी वसाहत काढली नाही. बाकीच्यांबरोबर एकाच दवाखान्यात तपासणी आणि आपल्याच गावात, आपल्याच घरात राहून उपचार. दवाखान्यात येणाऱ्याला धर्म विचारला जात नव्हता.

नव्वदच्या दशकापर्यंत बालमृत्यूचं प्रमाण दर हजारी १७६ वरून तिशीच्या आत आलं. १९७५ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेनं या कामाची दखल घेतली होती. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज गावोगावी दिसणाऱ्या ‘आशा’ ताईंच्या कल्पनेमागे ज्या प्रयोगांचं नाव घेतलं जातं, त्यात जामखेड आहे. मेबल १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. पुढे मुलगी डॉ. शोभा यांनी काम चालवलं.

यातल्या मुक्ताबाई पोळ या आरोग्यसेविका १९८८ मध्ये वॉशिंग्टनला एका आरोग्य परिषदेत बोलायला गेल्या. सभागृहात मोठमोठी झुंबरं होती. त्या म्हणाल्या की डॉक्टर या झुंबरांसारखे, सुंदर आणि महागडे, पण हाताला न लागणारे. मग त्यांनी पिशवीतून दोन साध्या वातीच्या पणत्या काढल्या, एक पेटवली आणि तिच्यावर दुसरी. आम्ही या पणत्यांसारख्या, असं त्यांचं म्हणणं होतं, एकीवरून दुसरी पेटते, आणि झुंबराचं तसं होत नाही. ज्या बाईला गावात किंमत नव्हती तिनं हे तिथे जाऊन ऐकवलं, आणि सभागृह उभं राहिलं.

मग चर्चचा इतिहास स्वच्छ आहे का?

नाही. आणि हे टाळून पुढे जाणं बरं नाही.

‘प्रत्येक माणूस देवाचं प्रतिरूप’ म्हणणाऱ्या धर्माच्या लोकांनीच आफ्रिकेतून माणसं साखळदंडात नेली. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाला तिथल्या चर्चनं बायबलचा आधार दिला. आपल्या शेजारी गोव्यात १५६० ते १८१२ या काळात इन्क्विझिशन चाललं, लोकांना श्रद्धेवरून तुरुंगात टाकलं, छळलं. १५५०-५१ मध्ये स्पेनमध्ये तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवर युद्ध करून राज्य करणं योग्य आहे का, यावर विद्वानांचा वाद भरवावा लागला. त्यांच्या बाजूनं उभे राहिलेले बार्तोलोमे दे लास कासास पाद्रीच होते, आणि त्यांच्या विरोधात बोलणारेही ख्रिस्तीच होते.

महाराष्ट्रातही हे काम वादाशिवाय झालं नाही. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली, विधवा उचलून आणल्या आणि केडगावला त्यांना आसरा दिला. पुढे त्याचंच मुक्ती मिशन झालं. अंध मुलींपासून ते समाजानं ‘पतित’ म्हणून हाकललेल्या बायकांपर्यंत सगळ्यांना तिथे जागा होती. पण त्याआधी, १८९३ मध्येच, त्यांच्या शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती केलं जातं अशी जोरदार टीका ‘केसरी’नं केली होती. भुकेल्या माणसाला भाकरी देताना धर्मही देणं हे त्याच्या स्वातंत्र्याचा मान ठेवणं आहे का, हा प्रश्न तेव्हाही रास्त होता आणि आजही आहे.

जात तर चर्चच्या दारात संपलीच नाही. मराठवाड्यातल्या आणि नगरकडच्या बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांचं मूळ दलित समाजात आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांनाही मिळतो. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो नाही, कारण ख्रिस्ती धर्मात जात नाही असं कागद म्हणतो. गावात त्याच्याशी वागताना मात्र कुणी कागद वाचत नाही.

आपल्या संतांनीही हेच सांगितलंय ना?

हो, आणि चकलांब्याच्या माणसाला त्यासाठी फक्त गोदावरी ओलांडायची आहे. पलीकडे पैठण. तिथल्या नाथांनी वाळवंटात तापलेल्या वाळूवर रडणारं महाराचं पोर कडेवर उचललं आणि काशीहून आणलेली गंगा तहानलेल्या गाढवाला पाजली, या गोष्टी आपण लहानपणी ऐकलेल्या असतात.

निष्कर्ष तोच, पण वाट थोडी वेगळी आहे. नाथ म्हणतात की या गाढवात आणि रामेश्वरात एकच चैतन्य आहे. ख्रिस्ती विचार म्हणतो की हा माणूस दुसऱ्या कुणासारखा नाही, देवानं त्याला एकदाच आणि नावानिशी घडवलंय. एका ठिकाणी भेद मिटतो म्हणून आदर, दुसऱ्या ठिकाणी प्रत्येक जण वेगळा आहे म्हणून आदर. कुठलं बरोबर हे ठरवायची माझी पात्रता नाही. एवढं मात्र दिसतं की नाथांच्या विचारात प्राणीही सहज सामावतात आणि ख्रिस्ती विचाराला तिथे जरा जास्त कष्ट पडतात.

गर्भपात, दयामरण, फाशी

‘प्रत्येक जीव मोलाचा’ हे वाक्य सोशल मीडियावर बहुतेकदा गर्भपाताच्या वादात दिसतं. कॅथलिक चर्चचा गर्भपाताला विरोध आहे. प्रोटेस्टंट पंथांत एकमत नाही. भारतात १९७१ च्या कायद्यानं अटींसह गर्भपाताला परवानगी आहे, आणि १९९४ च्या कायद्यानं गर्भलिंग निदानाला बंदी आहे. या दोन गोष्टींची गल्लत करू नका. बीडमधला गुन्हा बाईनं गर्भपात केला हा नाही. मुलगी आहे म्हणून तो तिच्याकडून करून घेतला गेला, हा आहे, आणि त्यात बहुतेक वेळा तिला कुणी विचारलेलंही नसतं. गर्भातल्या जिवाचं मोल सांगताना त्या बाईचं मोल विसरणारे लोक सगळ्या धर्मांत सापडतात.

फाशीबद्दल कॅथलिक चर्चनं आपली भूमिका २०१८ मध्ये बदलली. पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणाच्या पुस्तकात दुरुस्ती केली: फाशी कुठल्याही परिस्थितीत मान्य नाही, कारण गुन्हेगाराची प्रतिष्ठाही गुन्ह्यामुळे नष्ट होत नाही. बातमीखाली ‘बरं झालं’ लिहिणाऱ्यांना या विचाराचं हे टोक सगळ्यात जास्त झोंबतं.

आणि जो माणूस काहीच करू शकत नाही त्याचं काय? मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९७३ मध्ये नर्स अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला. त्या ४२ वर्षं अंथरुणावर होत्या. २०११ मध्ये त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली तेव्हा विरोध केला तो त्यांची सेवा करणाऱ्या केईएमच्या परिचारिकांनी. त्यातल्या अनेकींनी त्यांना बोलताना कधी ऐकलंही नव्हतं. त्यांनी धर्मशास्त्र सांगितलं नाही. ही आमची आहे आणि आम्ही तिचं करतो, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. २०१५ मध्ये अरुणा गेल्या तेव्हा इतक्या वर्षांत त्यांच्या पाठीला जखमा होऊ दिल्या नव्हत्या, याचा उल्लेख सगळ्या बातम्यांत होता. दयामरणाच्या बाजूनंही गंभीर युक्तिवाद आहेत, आणि २०१८ मध्ये न्यायालयानं कठोर अटींसह निष्क्रिय दयामरणाला मान्यता दिली. चर्चही कृत्रिम उपायांनी मरण लांबवत राहण्याचा आग्रह धरत नाही.

पुन्हा चकलांब्याकडे

लांबलेली जनगणना आता होणार आहे. लोकसंख्या मोजण्याची संदर्भ वेळ ठरलीय १ मार्च २०२७ ची मध्यरात्र. त्या वेळी बऱ्याच ठिकाणी तोडीचा हंगाम संपलेला नसतो. चकलांब्याच्या आजूबाजूची कितीतरी कुटुंबं तेव्हा परगावच्या फडात, कोपीत असतील. प्रगणक तिथे पोचला तर त्याला प्रत्येकाचं नाव, वय, बाई की पुरुष हे एकेकाला विचारून भरावं लागेल. मुलींचा नवा आकडाही त्यातूनच येईल. त्याच्या फॉर्ममध्ये कोयत्यासाठी रकाना नाही. अर्ध्या माणसासाठीही नाही.